तळ्याचा गाळ ट्रॉलीनं चाललाय. त्यात जुना पाऊस वाचता येतो म्हणतात, खरं काय?

तूबकट्टा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात. पश्चिमेला रान, पूर्वेला भाताचे वाफे, मधे तळं. यंदा तळं पार आटलं आणि गाळ काढायचं काम निघालं. दहा दिवस झाले, एक जेसीबी आणि सात-आठ ट्रॅक्टर चालू आहेत. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या डिझेलवर गाळ न्यायचा. मीही चार ट्रॉल्या नेल्या, खोटं कशाला बोलू.

काल सगळे गेल्यावर खड्ड्यात उतरलो. तुबाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, बाजूला पुरुषभर उंचीचा उभा काप पडलाय. वर वीतभर तपकिरी पोपडे. त्याखाली काळाकुळकुळीत, लोण्यासारखा गाळ, नखानं उकरला की कुजक्या अंड्याचा वास. आणि पार तळाला राखाडी चिकणमाती. त्या राखाडी मातीत एक अख्खं पान निघालं, शिरा मोजता येतील असं, तांबूस-पिवळं. हातात धरून बघतोय तोवर पाच मिनिटांत काळं पडलं.

मागं एका व्याख्यानात ऐकलं होतं की पानांवरच्या मेणाचे रेणू गाळात हजारो वर्षं टिकतात, आणि त्यावरून जुना पाऊस, जुनं जंगल कळतं. हे खरं असेल तर आम्ही भातात नक्की काय पसरायलोय?

निपाणीनाका (सोमवार, रात्री ९:५२)

खत पसरायलाय. पसर निवांत. वाफा खूश, तू खूश.

रानमेण (सोमवार, रात्री ११:१५)

तूबकट्टा, पान डोळ्यांदेखत काळं पडलं म्हणता, म्हणजे अर्धं उत्तर तुम्हाला खड्ड्यातच मिळालं. खाली प्राणवायू नव्हता म्हणून ते टिकलं. वर आलं, हवा लागली, संपलं. काळा गाळ आणि कुजक्या अंड्याचा वास हा आमच्या कामात शुभशकुन. आपल्या जांभ्याच्या लाल मातीत हेच पान दोन पावसाळे काढत नाही.

मी मूळची जांबोटीकडची, आता गोव्यात असते. गाळातले रेणू मोजणं हेच काम.

मेणाचं सांगते. उसाचं कांडं धरलं की तळव्याला पांढरी भुकटी लागते ना? अळवाच्या पानावर पाणी टाकलं की पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं ना? ते मेण. झाडाला पाणी राखायला लागतं, म्हणून जमिनीवरच्या जवळजवळ प्रत्येक पानावर त्याचा थर असतो. पान गळून तळ्यात गेलं की साखर, प्रथिनं, हरितद्रव्य जिवाणू आधी फस्त करतात. मेणातल्या काही माळा मात्र राहतात. अल्केन म्हणतात त्यांना. नुसता कार्बन आणि हायड्रोजन, २५ ते ३५ कार्बनांची सरळ माळ. तिला धरायला कुठं कडीकोयंडाच नाही, त्यामुळे जिवाणू तिच्या वाटेला सगळ्यात शेवटी जातात. लाखो वर्षांच्या जुन्या खडकातूनही अशा माळा निघतात.

अशा रेणूला बायोमार्कर म्हणतात. मी जैवखूण म्हणते. कल्पना नवी नाही. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खनिज तेलात पॉर्फिरिन सापडली, आणि ती हरितद्रव्याचीच उरलेली हाडं आहेत हे त्यानं दाखवलं. पानांच्या मेणावरचा एग्लिंटन आणि हॅमिल्टन यांचा १९६७ चा लेख आजही आमच्याकडे नव्या पोरांना आधी वाचायला देतात.

माळ किती लांब, यावरून ती कुणाची हे कळतं. शेवाळाची आखूड, १७ कार्बनांच्या आसपास. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींच्या २३ आणि २५ च्या. जमिनीवरच्या झाडा-गवतांच्या २७, २९, ३१, ३३ च्या. म्हणजे एखाद्या थराच्या वेळी तळं तुडुंब होतं की नुसती दलदल, याचा अंदाज या प्रमाणावरूनच येतो.

आता एक विचारते, रागावू नका. ते पान कुठं आहे?

तूबकट्टा (सोमवार, रात्री ११:३१)

ताई... पान वाफ्यात गेलं. ट्रॉलीबरोबर.

रानमेण (सोमवार, रात्री ११:३४)

जाऊ दे. पण पुढचं मिळालं तर टाकू नका. कारण उद्या सांगते, झोपते आता.

मोलभर (मंगळवार, सकाळी ६:२०)

मी बेळगावात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवून घरी बसलोय. ताईंच्या आकड्यांत एक गंमत दिसली का कुणाला? २३, २५, २७, २९, ३१, ३३. सगळे विषम! मी अंदाज करतो, चुकला तर सांगा. वनस्पती मेदाम्लं दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांनी विणते, म्हणून ती सम. त्या आम्लापासून अल्केन करताना टोकाचा एक कार्बन गळतो. सम वजा एक, म्हणजे विषम.

रानमेण (मंगळवार, सकाळी ८:०५)

सर, पैकीच्या पैकी.

आणि ही गंमत आमच्या फार उपयोगाची आहे. यंत्रातून निघालेला आलेख म्हणजे फणी समजा. ताज्या पानांच्या मेणात या फणीचा एक दात लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. डिझेल किंवा इंजिन ऑइलमध्ये सगळे दात सारखे, आणि खाली एक मोठा फुगवटा, ज्यातले रेणू यंत्रालाही सुटे करता येत नाहीत. फणी बघूनच कळतं की हा गाळ रानाचा की गॅरेजचा.

तूबकट्टा (मंगळवार, सकाळी ८:२०)

मेलो. जेसीबीचा पाइप गळतोय तीन दिवस. कापाच्या एका कडेला तेलाचे ओघळ आहेत.

रानमेण (मंगळवार, सकाळी ८:२६)

त्या कडेला हातच लावू नका. दुसरी कडा बघा.

अथणीकर (मंगळवार, दुपारी १:१०)

तुमचं बरं आहे, रान आहे, तळी आहेत. आमच्याकडं पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलीमीटर, त्यातला निम्मा अंदाजपत्रकात. ताई, मेणाची माळ भाताची काय, ज्वारीची काय, सारखीच असणार की. मग पाऊस कमी होता का जास्त, ते कसं काढता?

रानमेण (मंगळवार, संध्याकाळी ७:४५)

अथणीकर मामा, नेमकं बोट ठेवलंत. माळेच्या लांबीवरून भात आणि ज्वारी वेगळी काढणं अवघडच. म्हणून माळ तोडून तिचा कार्बन तोलतात.

हवेतला कार्बन दोन वजनांचा, १२ आणि १३. जड फार थोडा. झाडं, वेली, भात, गहू हे सी-३ पद्धतीनं अन्न करतात आणि जड कार्बन जास्त टाळतात. ज्वारी, मका, ऊस, नाचणी आणि उष्ण मुलखातली बहुतेक गवतं सी-४ पद्धतीची, ती इतकी चोखंदळ नाहीत. एका ठरलेल्या मापापेक्षा जड कार्बन हजारी किती कमी, ते मोजतात; त्यात सी-३ वनस्पती उणे २७ च्या आसपास येते, सी-४ उणे १२ च्या आसपास. मेणात दोन्हीचे आकडे आणखी खाली जातात, पण मधली दरी तशीच राहते. एवढी दरी असली की थरागणिक सांगता येतं: इथं झाडं जास्त, इथं गवत जास्त. गवत जास्त म्हणजे सहसा कोरडं हवामान.

दुसरा काटा हायड्रोजनचा. त्यालाही एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. पावसाळी मुलखात पाऊस जितका धो-धो, तितकं त्या पाण्यात ड्युटेरियम कमी. झाड तेच पाणी पितं आणि त्याचाच हायड्रोजन मेणात घालतं. म्हणजे पानाचं मेण ही एका अर्थी त्या वर्षाच्या पावसाची पावतीच.

गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळावर असं काम झालंय, २०१२ चं. गोदावरीनं आख्ख्या दख्खनचं मेण तिथं नेऊन टाकलेलं. त्यात गेल्या चार हजार वर्षांत कोरड्या मुलखातल्या वनस्पतींचा वाटा टप्प्याटप्प्यानं वाढलेला दिसतो.

भटक्या खानापूरकर (मंगळवार, रात्री ९:०२)

लांब कशाला जाता, आपल्या दारातलं उदाहरण आहे की. कारवारसमोर, काली नदीच्या मुखापुढं समुद्राच्या तळातला गाळ काढून फ्रेंच मंडळींनी १९९४ मध्ये लेख लिहिला. काली म्हणजे आपल्या लोंडा-तिनईघाटाच्या पलीकडची. त्यांनी मुख्यतः परागकण बघितले. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून रानाचे आणि कांदळवनाचे परागकण कमी होतात, गवताळ मुलखाचे वाढतात. निष्कर्ष: तेव्हापासून हवा कमी दमट.

लोणारही तेच बोलतं. सरोवराच्या तळातून दहाएक मीटर गाळ काढला, त्यात अकरा हजार वर्षं. २०१४ च्या लेखात दोन लांबलचक कोरडे काळ दाखवलेत: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी एक, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी दुसरा. थोडं इकडं-तिकडं, पण सगळीकडं सूर एकच, पाऊस घटत गेला. यात अजून वाद कसला?

डोंगरवाट (बुधवार, पहाटे ५:३०)

मी शिकलेला कमी, वाचतो मात्र रोज. माझ्या आज्याचं सांगतो.

आज्या कुमरी करायचा. उन्हाळ्यात रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, वळीव यायच्या आधी पेटवायचा. राख गार झाली की नाचणी फेकायची. नांगर नाही, बैल नाही. दोन-तीन वर्षं पीक काढलं की तुकडा सोडायचा, पुढच्या डोंगराला जायचं. सोडलेल्या तुकड्यात आधी गवत, मग झुडपं, मग परत रान. साहेबाच्या राज्यात वनखात्यानं आवळत आणलं तरी चोरून चालायचं म्हणे.

आता ताई म्हणतात नाचणी सी-४. गवत सी-४. मग आज्याच्या डोंगरावरून वाहून आलेलं मेण तुमच्या यंत्रात घातलं तर यंत्र काय म्हणेल? दुष्काळ पडला म्हणेल का नाचणी पिकली म्हणेल? पाऊस तर त्या साली गुडघाभर होता.

रानमेण (बुधवार, सकाळी ७:५०)

आजोबा, नमस्कार करते. हा प्रश्न मी परिषदांमध्ये पोपटासारखा इंग्रजीत विचारलाय, इतका नेमका कधी मांडता आला नाही.

यंत्र "सी-४ वाढलं" एवढंच म्हणेल. दुष्काळ की नाचणी, हे यंत्राला नाही, माणसाला ठरवायचं असतं. आणि आपल्या भागात तर पावलापावलावर हा पेच. आज कुठल्याही तळ्याचा वरचा वीतभर गाळ मोजला तर कार्बन सी-४ कडे झुकलेला दिसेल. कारण? ऊस! पाऊस कमी झाला म्हणून नाही, उलट पाणी आणलं म्हणून. साखर कारखान्यातल्या प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या मळीत, उसाचं मेण ठासून भरलेलं असतं, तेही शेतात पडतं आणि ओढ्यानं तळ्यात येतं. हजार वर्षांनी कुणी तो थर उघडला आणि नुसता कार्बन तोलला, तर आपल्या काळाला महादुष्काळ म्हणून मोकळा होईल.

म्हणून एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही.

लाकूड-गवत जळताना सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाचा साखरेचा भाऊबंद तयार होतो. दुसऱ्या कशानं तो होत नाही. गाळात तो वाढला म्हणजे आग. कार्बन सी-४ कडे सरकला, त्याच थरात आगीची खूण चढली, आणि हायड्रोजन मात्र जागचा हलला नाही, तर मी आज्याच्या बाजूनं मत देईन: पाऊस तोच, हात माणसाचा. तिन्ही एकदम हलले तर कोरडं हवामान आणि वणवे. अर्थात हायड्रोजनही तितका भोळा नाही. गवत आणि झाड एकच पाणी पिऊन मेणात वेगवेगळा ड्युटेरियम ठेवतात, तेवढी वजावट करावी लागते.

आणखी एक साक्षीदार आहे, जरा नाक दाबून वाचा. माणसाच्या आतड्यात कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल होतं. गाई-म्हशींच्या पोटात वनस्पतींच्या स्टेरॉलपासून वेगळं स्टॅनॉल होतं. दोन्ही पावसाच्या पाण्यानं तळ्यात येतात आणि गाळात टिकतात. अमेरिकेत मिसिसिपीजवळ काहोकिया नावाचं जुनं नगर होतं, त्याच्या शेजारच्या तळ्यातल्या कोप्रोस्टॅनॉलवरून तिथली वस्ती कधी वाढली, कधी ओसरली, हे २०१९ मध्ये दाखवलं. आल्प्समध्ये फ्रान्सच्या एका सरोवरात मिलिआसिन नावाचा रेणू सापडला, तो वरईच्या जातीतल्या एका तृणधान्याचा. दाणा नाही, भुसा नाही, नुसत्या रेणूवरून कांस्ययुगातलं पीक कळलं. नाचणीला अशी स्वतःची खूण असती तर आज्याची केस एका दिवसात निकाली निघाली असती.

भटक्या खानापूरकर (बुधवार, सकाळी १०:१८)

मान्य, पण पूर्ण नाही. ३५०० वर्षांपूर्वी कालीच्या खोऱ्यात एवढे डोंगर साफ करायला माणसं होती कुठं? आणि कुमरीनं डोंगरावरचं रान हटेल, खाडीतलं कांदळवन कशानं हटेल? तिथं कुणी नाचणी पेरली नव्हती. दोन्ही एकदम कमी होतात म्हणजे मला तरी पाऊसच दिसतो.

रानमेण (बुधवार, सकाळी १०:४०)

कांदळवनाचा मुद्दा दमदार आहे. त्या थरापुरती मी तुमच्याकडे झुकते. पण अलीकडच्या हजार-दीड हजार वर्षांत नाही. तेव्हा हलशीला कदंबांची राजधानी होती, वडगाव-माधवपूरची सातवाहनकालीन वस्ती तर त्याहून जुनी. एवढी माणसं म्हटल्यावर चुली, गुरं, शेतं, भट्ट्या आल्याच. या काळातलं गवत दिसलं की मी आधी माणसाकडे बोट दाखवते, मग ढगाकडे.

कॅम्पातला (बुधवार, दुपारी १२:०५)

ताई, शौचावरून माणूस होता हे कळतं म्हणता. मग आधी मराठी माणूस होता की कानडी, तेवढं बघून सांगा की. कोर्टाच्या तारखा तरी वाचतील.

रानमेण (बुधवार, दुपारी १२:११)

कोप्रोस्टॅनॉलला मातृभाषा नसते. माणूस की गाय, एवढंच कळतं.

निपाणीनाका (बुधवार, दुपारी १२:१२)

गाय कुठल्या राज्यातली?

व्यवस्थापक (बुधवार, दुपारी १२:३०)

सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे आणि तिथं भरपूर जागा आहे. इथं गाळ. पुढचे पाच प्रतिसाद काढले आहेत, गाईचा ठेवला आहे.

शहापूरची वैनी (बुधवार, दुपारी ३:४०)

मला एक सांगा, गाळातून हे मेण बाहेर काढतात कसं? चिखलातून तूप काढल्यासारखंच झालं की.

रानमेण (बुधवार, रात्री १०:००)

वैनी, बरंचसं स्वयंपाकघरातलंच काम आहे. गाळ गोठवून निर्वातात वाळवतात, खलात कुटून पीठ करतात. पाच-दहा ग्रॅम पीठ पुरतं. ते डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलच्या मिश्रणात घालतात, म्हणजे तेलकट असेल ते सगळं द्रावणात उतरतं. द्रावण उडवलं की बाटलीच्या तळाशी पिवळट-तपकिरी डाग उरतो, वाटीला तूप लागून राहतं तेवढाच. तो डाग सिलिका जेलच्या बारीक नळीतून वरून हेक्झेन सोडून उतरवायचा. अल्केन आधी खाली येतात, चिकट मंडळी मागं राहतात. मग तो भाग गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये. तिथं तीस मीटर लांब, केसाएवढ्या पोकळीची नळी गुंडाळून ठेवलेली असते. तापमान चढत जातं तशा आखूड माळा आधी सुटतात, लांब मागाहून. प्रत्येक माळ बाहेर पडली की पडद्यावर एक सुळका.

आणि यात हात इतका स्वच्छ लागतो की सोवळं परवडलं. काचेची भांडी साडेचारशे अंशांवर भाजून घेतात. माझ्या पहिल्या वर्षीची फजिती सांगते. एका नमुन्यात असा सुळका आला की बाकीचे त्याच्यापुढे मुंग्या. मला वाटलं नवा रेणू सापडला. तीन दिवस हवेत होते. चौथ्या दिवशी मार्गदर्शकांनी फक्त विचारलं, "गाळ कशात आणला होतास?" झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. काही प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट घालतात, ते सगळं माझ्या गाळात उतरलं होतं. तेवढा नमुना बाद. दुसऱ्या एका पोराच्या प्रत्येक नमुन्यात स्क्वालीन यायचं. ते मनुष्याच्या कातडीच्या तेलात असतं. गडी हातमोजे घालायचा आणि त्याच हातानं कपाळाचा घाम पुसायचा.

तूबकट्टा, हे सगळं तुमच्यासाठी लिहितेय. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद घ्या. प्लॅस्टिक नको, वर्तमानपत्र नको, सनस्क्रीन तर नकोच. स्वच्छ सुरीनं कापाचा वरचा दोन बोटं थर खरवडून टाका आणि आतला, हवा न लागलेला ठोकळा घ्या. वर कुठलं, खाली कुठलं याची खूण करा.

तूबकट्टा (गुरुवार, सकाळी ६:१५)

करतो. पण ताई, एक शंका रात्रभर छळायली होती. हे तळं काही पहिल्यांदा उपसलेलं नाही. माझ्या वडिलांच्या आठवणीत दोनदा गाळ निघाला. त्याआधीही निघतच असणार. मग थर कुठले आणि काय?

रानमेण (गुरुवार, सकाळी ७:३०)

हेच मी तुम्हाला कसं सांगावं या विचारात होते. तुम्हीच बोललात, बरं झालं.

काळ्या गाळाची आशा सोडा. वापरातलं तळं म्हणजे पाटी. दर पिढीला पुसतात, परत लिहितात. काळा गाळ मागच्या उपशानंतरचा असणार, फार तर काही दशकांचा. त्याचं वय काढता येतं: शिसे-२१० ची अर्धायु, म्हणजे क्षय होऊन निम्मं उरायला लागणारा काळ, २२ वर्षांची, त्यावरून गेली शंभर-सव्वाशे वर्षं मोजतात; शिवाय १९६३ च्या सुमाराला अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ चा कळस जगभर गाळात बसलाय. उसाचा इतिहास लिहायला तेवढं पुष्कळ. पण जुना पाऊस त्यात नाही. तेव्हा तुमच्या वाफ्यात जे गेलं ते खतच, निपाणीनाका जिंकले.

राखाडी मातीचं मात्र वेगळं. ती तळ्याची नसून तळ्याआधीची असू शकते. पूर्वी लोक तळं कुठं बांधायचे? जिथं आधीच पाणी तुंबायचं तिथं. ओढ्याला आडवा कट्टा घातला की झालं. त्या जागी कट्ट्याआधीची दलदल असेल, तर तिची माती उपशातून वाचलेली असणार. आणि तुमचं पान तिथंच निघालं.

आता पान कशाला हवं ते. मेण सरळ झाडावरून तळ्यात येतं असं नाही. बरंच मेण आधी डोंगराच्या मातीत पडून राहतं, शेकडो, कधी हजारो वर्षं, आणि मग एखाद्या मोठ्या पावसात वाहून येतं. म्हणून मेणाचं वय आणि थराचं वय एक धरता येत नाही. अख्खं नाजूक पान मात्र लांबून आणि उशिरा येऊ शकत नाही, वाटेत फाटून जाईल. ते पडलं त्याच साली थरात बसलं. त्याचं कार्बन-१४ काढलं (कार्बनचा तिसरा भाऊ, हा हळूहळू क्षय पावतो), अर्धायु ५७३० वर्षं, की थराची तारीख मिळते. मेणात मजकूर असतो, पण पत्रावर तारीख घालतं ते पान.

अथणीकर (गुरुवार, सकाळी ९:४४)

म्हणजे ह्यानं तारीखच वाफ्यात टाकली.

तूबकट्टा (गुरुवार, सकाळी ९:५०)

मामा, आता बास की.

मोलभर (गुरुवार, संध्याकाळी ५:१०)

एक कल्पना सुचते. जुन्या मेणावरून जुना पाऊस काढायचा तर आधी आजच्या मेणाचा आजच्या पावसाशी मेळ बसायला हवा ना? त्याला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा कुठली! कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी वर्षाला काही हजार मिलीमीटर, अथणीला पाचशे-सहाशे. एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या एसटी प्रवासात. वाटेत दर वीस किलोमीटरला झाडाची आणि गवताची पानं गोळा केली तर?

रानमेण (गुरुवार, संध्याकाळी ६:२२)

सर, हीच पहिली पायरी. पानं आणि त्याच जागेची वरची माती, दोन्ही घ्यायची. निवृत्तीनंतर सवड असेल तर मला पाकिटं पाठवा. कागदी.

तूबकट्टा (शनिवार, रात्री ८:३०)

झालं ते सांगतो.

शुक्रवारी पहाटे पाचला उतरलो. गळक्या पाइपाची कडा सोडली, कट्ट्याच्या पायथ्याची धरली. आईच्या कपाटातला भाकरीचा चंदेरी कागद, घरातली नवी सुरी. दोन बोटं खरवडून आत गेलो. राखाडी माती सुरीला साबणासारखी कापते. दर चार बोटांना एक, असे नऊ ठोकळे काढले, कागदावर खिळ्यानं आकडे कोरले, बाण वर. सातव्या ठोकळ्यात पान निघालं! यावेळी बघत बसलो नाही, मातीसकट गुंडाळलं. त्याच्या शेजारी काडी होती, बोटाएवढी, सालासकट, तीही घेतली.

जेसीबीवाल्याला म्हटलं, कट्ट्याजवळचा दोन हात रुंद तुकडा सोड. तो म्हणाला, सोनं आहे काय? म्हटलं, पान आहे. बराच वेळ तोंडाकडे बघत राहिला, मग चहा आणि कांदाभजीवर तयार झाला. पण शुक्रवारी रात्री वळीव आला आणि वरचा काळा थर ढासळून त्या तुकड्यावर बसला. राखाडी माती खाली झाकली गेलीय.

रानमेण (शनिवार, रात्री ८:४१)

झाकली गेली ते उत्तमच, हवा लागणार नाही. तसंच राहू दे. ठोकळे कुठं आहेत?

तूबकट्टा (शनिवार, रात्री ८:४३)

फ्रीजमध्ये. खालच्या कप्प्यात. आई विचारतेय, हा चिखल आणखी किती दिवस? डोशाच्या पिठाला जागा उरली नाही.

रानमेण (शनिवार, रात्री ८:५०)

पुढच्या रविवारी चोर्ल्यातून येते, घेऊन जाते. तोवर काकूंना म्हणावं, पीठ वरच्या कप्प्यात ठेवा, आणि ठोकळ्यांना तेलाचा हात लावू नका.

शहापूरची वैनी (शनिवार, रात्री ९:०५)

येताना एक वेलदोड्याचं केळं घेऊन या काकूंना. आठवडाभर फ्रीज दिलाय त्यांनी.